वर्षं पक्की, दिवस स्क्रूवर

३ फेब्रुवारी

भावजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला टाकणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. पण फार तर दोन दिवस. बंद वस्तू तुम्हाला बघवत नाही. सासूबाईंचा चांगला चालता रेडिओ तुम्ही 'आत काय आहे बघू' म्हणून उघडला होतात, ती गोष्ट मी या घरात आल्यापासून इतक्यांदा ऐकली आहे की तेव्हा मी तिथेच उभी होते असं मला वाटायला लागलंय.

आधी सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड व्यवस्थित चालतं. मी तुम्हाला लिहिते आहे हे तुमच्या दादांना ठाऊक नाही. आणि मामंजींची ग्रहमाला घरी आली आहे.

विज्ञानभवनाचं छप्पर बदलायला काढलंय, म्हणून तिथल्या बाईंनी ती साफसफाईसाठी आपल्या वर्कशॉपात पाठवली. चार माणसांनी उचलून आणली. पंधरा मार्चला गाडी येऊन परत घेऊन जाणार. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी तिला फक्त काचेपलीकडून पाहिलं होतं. परवा काच निघाली आणि मी यंत्राची फिरवायची मूठ धरून पहिल्यांदा एक फेरा दिला. एका फेऱ्यात दहा दिवस जातात, असं यांनी सांगितलं. मधला पितळी सूर्य जागच्या जागी, त्याच्याभोवती आठ दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक ग्रह. बुध लगेच निघाला. पृथ्वी जराशी सरकली. शनी हलला की नाही ते कळलंच नाही. आणि दांड्या अशा आपापल्या चालीने सूर्याभोवती जात असताना टोकाचे गोळे स्वतःभोवतीही फिरत होते, गुरू तर गरगर. भावजी, मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. खाली चाकांचा एवढा पसारा, आणि आवाज माझ्या शिलाई मशीनच्या निम्माही नाही. एका माणसाने एका लेथवर हे घडवलं, आणि आपण त्याच माणसाशी जेवताना मिठावरून वाद घालत होतो.

तुमच्या दादांचं मात्र कशात लक्ष नाही. भवनाच्या बाईंनी अट घातली आहे: बुधाचं चाक दुरुस्त करा, नाहीतर यंत्रासमोर 'यातील बुध चुकीचा आहे' अशी पाटी लावावी लागेल. वडिलांच्या गळ्यात पाटी अडकवल्यासारखं झालंय यांना. तीन वर्षांपूर्वी तुम्हीही तेच म्हणाला होतात, की बाबांचा बुध सूर्याकडे कायम एकच बाजू धरून फिरतो, खरा बुध तसा फिरत नाही, चाक बदलू या. हे म्हणाले, बाबांच्या चाकाला कोणी हात लावायचा नाही. आणि तुम्ही हत्यारांची पेटी उचलून चालते झालात. आपल्यावरून दोन भावांचं बोलणं बंद होईल, याची त्या बिचाऱ्या बुधाला काय कल्पना.

ते जाऊ द्या. कपडे सैल-घट्ट करून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या बायका आता वर्कशॉपात डोकावतात आणि मला प्रश्न विचारतात. मी त्यांना सांगते की सगळे ग्रह सारख्याच वेगाने धावतात. लांबच्याला रस्ता मोठा, म्हणून त्याचं वर्ष मोठं, एवढंच. बरोबरच असणार. उत्तराची घाई नाही.

तुमची
वहिनी

१२ फेब्रुवारी

भावजी,

कार्ड पोचलं. ना वहिनी, ना नमस्कार, ना खाली सही. 'साफ चूक' अशी सुरुवात. दिराकडून तीन वर्षांनी आलेले पहिले दोन शब्द म्हणून मी ते जपून ठेवणार आहे. माझ्या मशीनच्या पायाखाली सरकवलेलं सापडलं. पोस्टमन हल्ली काय कुठेही टाकून जातात.

पण समजलं, आणि चांगलं समजलं. नेपच्यून आपल्यापेक्षा तीसपट लांब आहे. नुसता रस्ताच लांब असता तर त्याचं वर्ष आपल्या तीस वर्षांचं झालं असतं. ते एकशे पासष्ट वर्षांचं आहे, कारण तो चालतोही हळू. सूर्याची ओढ लांबवर कमी पडते, म्हणून तिथे सावकाश जाऊन भागतं. जवळ ती इतकी जोरात की पळत राहिलं नाही तर सरळ सूर्यात जाऊन पडायचं. म्हणून बुधाची सारखी धावपळ. म्हणजे वर्षाचा कायदा एकच आणि तो सगळ्यांना लागू. सूर्यापासून किती लांब आहेस ते सांग, तुझं वर्ष केवढं ते सांगते. गोळा लहान की मोठा हे विचारायचंसुद्धा नाही. मला हे फार आवडलं. एक माप घेतलं की सगळा माणूस कळला, असं माझ्या धंद्यात असतं तर काय हवं होतं.

सासूबाईंना हे सांगत होते, तर त्या सहज म्हणाल्या, "नेपच्यूनचं एक वर्ष मी एकटीने फिरवलंय."

तुम्हाला माहीत होतं हे? मला नव्हतं. यंत्र जुळवून झालं तेव्हा नेपच्यूनची दांडी पूर्ण फेरीत कुठे अडत तर नाही ना, हे मामंजींना बघायचं होतं. ते चाकांपाशी कान लावून बसले आणि मूठ दिली नव्या नवरीच्या हातात. दोन दुपारी त्या फिरवत होत्या. दांडी निघाल्या जागी परत आली तेव्हा मामंजी उठून उभे राहिले म्हणे, टोपी काढली आणि म्हणाले, आपल्या दोघांच्या आयुष्यात खरा नेपच्यून काही एवढी फेरी पुरी करायचा नाही, पण हा आपण केलेला तर बघून घेतला. मग हात चेपून दिले की नाही असं मी विचारलं, तर सासूबाई लाजल्या. ऐंशीच्या बाईला लाजताना पाहिलं आणि माझा तो दिवस फार चांगला गेला.

तुमचे दादा रोज सकाळी तो पातळ पेचकस शोधतात. मामंजींनी स्वतः दगडावर घासून बनवलेला, मुठीला काळा दोरा गुंडाळलेला. यंत्राचे वरचे बारीक स्क्रू काढायला तोच लागतो, दुसरा खाचेत नीट बसत नाही. सगळे खण उपसून झाले, कपाटामागे बॅटरी मारून झाली. पेचकस कोणाच्या पेटीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि मलाही. तरी ते शोधतात आणि मी शोधायला मदत करते.

आणि हो, गुरूबद्दलही मी बायकांना बरोबरच सांगितलंय. अंगाने सगळ्यात अवाढव्य, तेव्हा वळायला सगळ्यात जड, तेव्हा त्याचा दिवसही सगळ्यात मोठा असणार. यंत्रात तो गरगर फिरतो, त्याअर्थी बुधासारखी गुरूच्या चाकातही मामंजींची चूकच झालेली दिसते.

तुमची
वहिनी

२१ फेब्रुवारी

भावजी,

दोन पानं! दोन्ही बाजूंनी भरलेली! 'बाबांनी गुरूच्या चाकात चूक केलेली नाही' या ओळीखाली इतकी जोरात रेघ मारलीय की कागद फाटलाय. रागावू नका. गुरू गरगर फिरतो हे मला यंत्रावर दिसत होतं आणि यांना विचारलं असतं तर कारणही कळलं असतं. पण तुम्हाला चुकीचं काही वाचून गप्प बसवत नाही, आणि मामंजींवर आळ आला तर मुळीच नाही. त्यांच्या बाजूने तुम्ही किती भांडता ते मला बघायचं होतं. तेवढं बघून झालं.

आता गुरूचं कळलं. वर्षाला जसा कायदा आहे तसा दिवसाला नाही. ग्रह जन्मताना धूळ, दगड, वायू आत आत गोळा होत गेले आणि तेव्हाची गिरकी ज्याच्या त्याच्या अंगात राहून गेली. पुढे कोणाला धक्के बसले, कोणाला सूर्याने जवळ ठेवून ब्रेक लावला. गुरूने सगळ्यांत जास्त माल आत ओढला आणि त्याला थांबवणारं जवळपास कोणी नाही, म्हणून एवढा अवाढव्य असून त्याचा दिवस दहा तासांच्या आत संपतो. युरेनस आडवा पडून फिरतो, बहुधा कधीतरी त्याला कोणीतरी जबर धडक दिली असावी. मंगळाचा दिवस आपल्याहून जेमतेम पाऊण तास मोठा, आणि तो आपल्याला बघून शिकलेला नाही, नुसता योगायोग. आपली पृथ्वीसुद्धा पूर्वी जास्त भराभर फिरत होती, चंद्र तिला कणाकणाने अडवतोय. तुमची ही पानं मी दोनदा वाचली. वर्षावरून कळतं की तो कुठे राहतो, आणि दिवसावरून कळतं की त्याच्यावर काय काय गुदरलं.

शेवटच्या ओळीत तुम्ही 'आई कशी आहे?' असं लिहिलंय. ती ओळ मी सासूबाईंना तीन वेळा वाचून दाखवली. मग त्यांनी पत्र स्वतः हातात घेतलं.

आता एक खरा प्रश्न. हा आमिष म्हणून विचारत नाही.

गेले चार दिवस मी ब्रश आणि रॉकेल घेऊन चाकं साफ करते आहे. यांनी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही याची सक्त ताकीद दिली आहे, त्यामुळे मी नुसती बघते जास्त. खालची मोठी चाकं, म्हणजे दांड्यांना सूर्याभोवती नेणारी, वर्षांची, ती सगळी रिव्हेट ठोकून बसवलेली आहेत. बुधापासून नेपच्यूनपर्यंत एकूण एक. जन्मात निघायची नाहीत. पण दांड्यांच्या टोकाची लहान चाकं, म्हणजे गोळ्यांना स्वतःभोवती फिरवणारी, दिवसांची, ती सगळी स्क्रूवर आहेत. एकही रिव्हेट नाही.

मी शिवणारी बाई. वाढत्या अंगाच्या मुलीचा कपडा असला की मी शिवणीत माया सोडते आणि खालची पट्टी कच्च्या टाक्याने घालते, पुढे उसवावी लागणार म्हणून. मोठ्या माणसाच्या कपड्याला तसं करत नाही. कच्चं आणि पक्कं एकाच कपड्यात दिसलं की मला कळतं की शिवणाऱ्याच्या मनात काहीतरी होतं. म्हणून यांना विचारलं, खाली रिव्हेट आणि वर स्क्रू असं का? हे म्हणाले, बाबांची पद्धत. पद्धत म्हणजे काय, तर पद्धत.

मग शुक्र. शुक्र तर स्वतःभोवती फिरतच नाही हे तुम्हाला माहीतच आहे. भवनातल्या कोणा धांदरटाने त्याचं चाक हरवलं म्हणून यांनी कितीतरी वर्षं त्या लोकांना शिव्या घातल्यात. पण मी आज दांडीच्या टोकावरचा काळा मळ पुसला, तर चाकाच्या जागी एक चकती आहे. साधी, दात नसलेली. तिचा काठ घासून गोल केलाय आणि तिच्यावर मामंजींची ती बारीक खूण ठोकली आहे, जी ते स्वतःच्या प्रत्येक चाकावर ठोकत. ती चकतीही स्क्रूवर आहे. चाक हरवल्यावर कोणी मागाहून बसवलेली वस्तू अशी नसते.

मी यांना हाक मारून दाखवलं. यांनी भिंग आणलं. बराच वेळ बघितलं. मग बुधाच्या चाकाचे स्क्रू बघितले, गुरूचे बघितले, पुन्हा शुक्राशी आले. मी विचारलं काय झालं, तर भिंग तसंच हातात घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. चहा नेऊन दिला तो तसाच गार झाला.

भावजी, मामंजींनी यंत्र केलं तेव्हा शुक्राचा दिवस केवढा हे कोणाला माहीत होतं का? लवकर लिहा. या वेळी उत्तराची घाई आहे.

तुमची
वहिनी

३ मार्च

भावजी,

पत्र मिळालं आणि मी मशीन बंद करून ते हातात घेऊन सरळ यंत्रातल्या शुक्रापाशी गेले.

वर्ष मोजायला नुसते डोळे आणि धीर लागतो, ग्रह आकाशात फिरून पुन्हा कुठे कधी दिसला ते बघत राहायचं. ते काम कित्येक पिढ्यांनी करून ठेवलं होतं. पण दिवस कळायला त्याच्या अंगावरची एखादी खूण दिसायला हवी, ती वळून परत समोर येईपर्यंत थांबायला हवं. आणि शुक्र कायम ढगांत गुरफटलेला. तेव्हाच्या एका पुस्तकात त्याचा दिवस आपल्याएवढा, दुसऱ्यात कित्येक महिन्यांचा. मामंजींनी दोन्ही वाचलं असणार. त्यातलं एक निवडून चाक घातलं असतं तर कोणी विचारलंही नसतं, आणि यंत्र जास्त देखणं दिसलं असतं. त्यांनी जागा रिकामी ठेवली, तिच्यावर चकती बसवली आणि स्वतःची खूण ठोकली. मला माहीत नाही, असं सही करून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंत्र काचेत गेल्यावर काही वर्षांनी पृथ्वीवरून रडारच्या लहरी पाठवून लोकांनी बघितलं, की शुक्र उलटा फिरतो, आणि इतका सावकाश की स्वतःभोवतीची एक फेरी व्हायच्या आत त्याचं वर्ष संपून जातं. तो असा का झाला हे अजून खात्रीने कोणी सांगू शकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याच रडारने बुधाबद्दलची सगळी पुस्तकं खोटी ठरवली. दोन वर्षांत तीन गिरक्या, हे त्याचं गणित. एकच बाजू सूर्याकडे, हे कधी नव्हतंच. मग मामंजींनी ते चाक नंतर का बदललं नाही? माझा अंदाज सांगते. काचेच्या पेटीची किल्ली भवनाच्या साहेबांकडे होती, आणि मामंजींना कोणाकडे काही मागायची सवय नव्हती. ती सवय या घरात अजून कोणालाच नाही.

हे सगळं यांना कसं सांगावं या विचारात होते. जेवताना हे आपणहून म्हणाले, "काय म्हणतो तो शुक्राबद्दल?"

पहिलं कार्ड पोस्टमनने यांच्याच हातात दिलं होतं. वाचून यांनीच ते माझ्या मशीनखाली सरकवलं. त्यानंतरचंही. या वेळचं तेवढं मी दारातच घेतलं होतं. महिनाभर मी चोरून लिहिते आहे आणि हे चोरून वाचताहेत. मी चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही, कारण मी पत्र आणेपर्यंत हे अर्ध्या जेवणावरून उठून हात धुऊन बसले होते. वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाबांनी वर्षं पक्की केली आणि दिवस स्क्रूवर ठेवले. जे कळलं होतं आणि जे कळायचं होतं, ते वेगळं ठेवलं. मी सगळंच पक्कं धरून बसलो."

पुढचे तीन दिवस लेथ चालू होता. बुधाचं नवं चाक झालंय. शुक्राची दोन झाली आहेत, एक त्याचं आणि एक मधलं, फिरणं उलटं करण्यासाठी. हिशेब तुमच्या पत्रावरून केला. भावजी, मी कौतुक करायला लागले की थांबत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते: ती चाकं मामंजींच्या चाकांशेजारी ठेवली तर मला फरक ओळखता येत नाही. तिन्ही टेबलावर कापडात ठेवली आहेत. बसवलेली नाहीत. मी म्हटलं, दुसरा एखादा पेचकस घासून पातळ करा ना, तुम्हाला काय अवघड आहे. तर म्हणाले, नको, खाच खराब होईल. यांच्यासारख्या कारागिराने असं कारण दिलं, आणि मीही मान डोलावली.

काल सासूबाईंना बुधाचा दिवस समजावून सांगितला. एकदा सूर्य उगवला की पुन्हा उगवेपर्यंत तिथली दोन वर्षं जातात, म्हणजे आपले जवळजवळ सहा महिने. मामंजींच्या जुन्या चाकावर तर तो एका बाजूला कधी मावळतच नव्हता. त्यांनी विचारलं, एवढ्या एका दिवसात सुनेने स्वयंपाक किती वेळा करायचा? मग बोटं मोजत राहिल्या. आणि म्हणाल्या, "धाकट्याला लिही. तीन वर्षं म्हणजे तिथले सहाच दिवस झाले. अजून आठवडासुद्धा भरला नाही. एवढ्यात कोणी घर सोडलं असं म्हणत नाहीत."

यांनी मला सांगितलंय की पेचकस तेवढा पाठव म्हणून त्याला लिही. तसं लिहिते: पेचकस कुरियरने पाठवावा. गाडी पंधराला येणार आहे.

पत्र पुरं करून यांच्यासमोर ठेवते आहे, म्हणजे या वेळी तरी चोरून वाचायला नको.

तुमची
वहिनी

पाठवू नकोस. घेऊन ये. चाकांचे दाते एकदा तूही मोजून बघ, माझं चुकलेलं असू शकतं.
दादा